एक बूच, तीन बाटल्या

१

खरेदीवाल्या बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि ओठांना न लावताच खाली ठेवला.

"ओल्या गोणपाटाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

बोलल्या हळूच, पण टेबलाभोवती कान टवकारून उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. हॉटेलांच्या एका मोठ्या साखळीची खरेदी या बाईंच्या हातात होती. आयातदार वर्षातून एकदा आपला सगळा माल एका दालनात मांडतो, आणि हॉटेलवाले, दुकानदार टेबलाटेबलांवरून चाखत, बादलीत थुंकत, ऑर्डरी देत फिरतात. यंदा फक्त फ्रान्सच्या पांढऱ्या वाइन होत्या. दाराशी हलकी म्युस्काडे, मग सान्सेर, मग शाब्ली, आणि शेवटच्या टेबलावर बर्गंडीची ती मानाची वाइन. तिच्या तीनच बाटल्या उघडल्या होत्या. सगळा डाव त्या टेबलावर होता.

आयातदार कंपनीच्या मालकाने आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मग ग्लास नाकाला लावून तोंड वाकडं केलं.

"भयंकर आहे," तो म्हणाला. "दुसरी बाटली घ्या."

दुसरीलाही तोच वास. तिसरीलाही तोच.

वाइनचं एखादं बूच नासकं निघतं आणि त्याचा कुबट वास वाइनला लागतो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर बाटली उघडली की आधी हुंगायची आणि मगच टेबलावर ठेवायची. एक बाटली खराब निघाली तर नशिबाला बोल लावता येतो. तिन्ही खराब निघाल्या की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

"बाटल्या कुणी उघडल्या?" मालकाच्या भागीदाराने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"मी," मालकाची मुलगी म्हणाली. "तिन्ही मीच उघडल्या, आणि तिन्ही हुंगल्या."

"मग लक्ष कुठे होतं तुझं?" हे भागीदार नाही, खुद्द तिचा बाप म्हणाला. आणि म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या आत्याबाईंना हे वाक्य खटकलं. आत्याबाई म्हणजे मालकाची थोरली बहीण. उभा जन्म चहा चाखण्यात गेला, आता निवृत्त. वाइनच्या थेंबाला शिवत नसत, पण धाकट्या भावाच्या कौतुकासाठी दरवर्षी येऊन बसत. खरं सांगायचं तर थोडं नाक खुपसायलाही येत. भाऊ तापट होता, हट्टी होता, पण चार लोकांत लेकीचा पाणउतारा करणारा नव्हता.

२

भागीदार वाटच बघत होता. त्याने खरेदीवाल्या बाईंना बाजूला नेलं, गोड शब्दांत माफी मागितली आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबायची विनंती केली. बाई थांबल्या. मग तो आत्याबाईंकडे आला.

"बघितलंत ना? मी दोन वर्षं सांगतोय, चाखायचं काम पोरीचं नव्हे. आज शेवटी जाहीर करून टाकतो. उद्यापासून माझे जावई बघतील."

"आणि ती?"

"हिशेब बघेल. घरचीच आहे, उपाशी थोडीच ठेवणार?"

या पेशात माणसाची भाकरी नाकावर असते. 'हिला वास कळत नाही' एवढं एकदा तोंडातोंडी झालं, की मग दारोदार हिंडून 'मला कळतो हो' म्हणणाऱ्याला कोणी उभं करत नाही. पोरगी लहानपणी डोळे मिटून आत्याच्या चहाच्या वाट्या ओळखायची. आणि आता हिशेब बघणार म्हणे.

"तिन्ही बाटल्या एकदम कशा खराब निघतील?" त्यांनी विचारलं.

"तेच तर. कुणीतरी काहीतरी घातलंय." भागीदाराने मान वळवून शाब्लीच्या टेबलाकडे नजर टाकली. "तो बोका बघा. त्याला बोलावलं कुणी?"

"घातलं असेल तर मग पोरीची चूक कशी?"

"तिने लक्ष ठेवलं असतं तर त्याने घातलंच नसतं."

"आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या.

पोरगी दोषी आणि बोकाही दोषी, असं दोन्ही बाजूंनी ढोल वाजवणाऱ्या माणसाचा त्यांना नेहमीच संशय येई. बाटल्यांच्या थंड कपाटाची एक किल्ली या भागीदाराकडेही होती.

३

बोका म्हणजे यांचाच जुना विक्रेता. गेल्या वर्षी समोरच्या कंपनीत गेला होता. गुबगुबीत, पाय न वाजवता चालणारा, आणि कुठेही काही सांडलं की तिथे हजर. चाखणारे सगळे थुंकत असताना हा गिळत होता, त्यामुळे डोळ्यांत लाली उतरली होती.

आत्याबाईंनी सरळच विचारलं, की सकाळी पाहुणे यायच्या आधी मागच्या खोलीच्या दाराशी तुला मी पाहिलं, ते कशासाठी? मागची खोली म्हणजे दालनाला लागून असलेली, सिंक आणि कपाटांची. बाटल्या तिथेच उघडल्या होत्या.

बोक्याने आधी शपथा घेतल्या, मग पाण्याचं निमित्त सांगितलं, मग आपण जुने सहकारी म्हणून सहज डोकावलो असं सांगितलं. आत्याबाई नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तो ओशाळला.

"भाव बघायला गेलो होतो. नव्या मालाचे. पण आत जाताच आलं नाही, दाराला आतून कडी होती."

"आतून?"

"हो. आत कुणीतरी होतं. काचेवर काच लागल्याचा आवाज येत होता, आणि ओतल्याचा. मी आलो परत."

"तेव्हा माझी भाची कुठे होती?"

"बाहेर, खरेदीवाल्या बाईंना घ्यायला गेली होती. जिन्यात मला आडवी आली ना ती. भागीदारसाहेब इथेच होते, त्या माईकशी झटापट करत. आवाज येत नाही म्हणून सगळ्यांवर खेकसत होते."

बोक्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की नाही? चोरी करायला गेलेल्या माणसाने साक्ष द्यावी, आणि ती आपण पदरात बांधून घ्यावी, हे आत्याबाईंच्या स्वभावात नव्हतं. खोटं बोलत असेल तर त्याने स्वतःला वाचवण्यापुरतंच खोटं बोलायला हवं होतं. पण कडी, काच, ओतल्याचा आवाज, इतका तपशील कशाला जोडला असता?

त्या मागच्या खोलीत गेल्या. कडी खरोखरच होती, आणि घट्ट लागत होती. खालच्या कपाटात एक मोठा काचेचा जग पालथा घातलेला सापडला. दालनात पाणी बाटल्यांतून देत होते, जगाचं इथे काही कामच नव्हतं. तरी तो आतून ओला होता.

४

शेवटच्या टेबलावर, बाटल्यांपुढे एका बशीत तीन बुचं ठेवलेली होती. ही या घराची रीतच होती, ज्याला बघायचं त्याने बघावं. आत्याबाईंनी बशी उचलली तेव्हा भागीदाराने भुवया उंचावल्या, पण म्हातारीला काय करायचंय ते करू दे, अशा थाटात पुन्हा माईककडे वळला.

कोरडं बूच हुंगून फारसं कळत नाही. पण चाळीस वर्षं पानांतून वास काढलेल्या बाईला गरम पाणी कशासाठी असतं हे माहीत होतं. मागच्या खोलीत त्यांनी किटली चढवली, तीन कप घेतले, प्रत्येकात एक बूच टाकलं, वर उकळतं पाणी ओतलं आणि बश्या झाकल्या. चहा मुरू देतात तसं मुरू दिलं.

पहिली बशी उचलली. ओल्या लाकडाचा साधा वास, बाकी काही नाही.

दुसरी उचलली. तेच.

तिसरी उचलली आणि त्यांनी मान मागे घेतली. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं पोतं उघडावं, तसा भपकारा आला.

आत्याबाई स्टुलावर बसल्या. बाटल्या तिन्ही नासलेल्या, बूच मात्र एकच नासकं. बुचाला काही पाय नसतात, की उठून शेजारच्या बाटल्यांत फिरून येईल. फिरली असणार ती वाइन. कुणीतरी तिन्ही बाटल्या त्या जगात एकत्र ओतल्या आणि पुन्हा बाटल्यांत भरल्या. एका नासक्या बाटलीने दोन चांगल्या बाटल्यांची माती केली.

हे घातपाताचं काम नव्हतं. घातपात करणारा काहीतरी बाहेरून आणून घालतो, बाटल्या एकमेकींत मिसळत बसत नाही. मिसळतो तो, ज्याला सगळ्या पाहुण्यांना एकच चव द्यायची असते. बाटली बाटलीत उन्नीस-बीस असतं. त्या मिसळल्या की पहिल्याला मिळालं तेच शेवटच्याला मिळतं. चहाच्या पेट्या अशाच मिसळतात. आत्याबाईंनीच ही युक्ती एकदा घरी सांगितली होती. कुणाला, तेही त्यांना आठवलं.

त्यांनी चिमट्याने बुचं बाहेर काढली आणि उजेडात धरली. दोन बुचांत बूच काढायच्या स्क्रूचं भोक अर्ध्यावरच थांबलं होतं, खालचा तळ अखंड होता. नासक्या बुचाला मात्र आरपार भोक होतं.

५

भाचीला त्यांनी कुणाच्या नजरेत न येता बोलावून घेतलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि हीच गोष्ट आत्याबाईंना जास्त लागली. तीन कपांवर पुन्हा बश्या होत्या. आत बुचं पुन्हा टाकून कपांचा क्रम बदलला होता.

"यातला खराब कुठला?"

भाचीने दारातच नाक मुरडलं, मग तिन्ही कपांवर एकेकदा वाकली. बशी उचलावीही लागली नाही. "मधला. आत्या, अख्ख्या खोलीत येतोय वास."

"मग सकाळी कसा नाही आला?"

भाची कपांवरच्या बश्या सरळ करायला लागली.

"नाक शाबूत आहे तुझं. ही बाटली तू हुंगली असतीस तर टेबलापर्यंत गेलीच नसती. दोन तू उघडल्यास. तिसरी कुणी उघडली?"

"तिन्ही मीच."

"स्क्रू आरपार घालतेस तू कधीपासून? बुचाचा भुसा पडतो म्हणून लोकांना ओरडतेस ना त्याच्यावरून?"

"आत्या, राहू दे. मी हिशेब बघेन. मला हिशेब आवडतात."

हिशेबाच्या वहीपासून ही मुलगी आयुष्यभर पळत आली होती. माणूस स्वतःसाठी खोटं बोलतो तेव्हा सुटायला बघतो. ही तर अडकायला बघत होती. आपलं नाव, आपलं काम, सगळं घालवून ती कुणाला वाचवत असेल? भागीदाराला तर नक्कीच नाही. बोक्यासाठी तिने पाण्याचा ग्लासही पुढे केला नसता.

आत्याबाईंना आता सकाळचं सगळं दिसायला लागलं. चाखण्याच्या दालनात कुणी अत्तर लावून येत नाही, फुलं तर दाराबाहेरच ठेवतात. तरी आज भावाने लिलीचा भलामोठा गुच्छ स्वतःच्या हाताने मानाच्या टेबलावर ठेवला होता. भाचीने एक अक्षर न बोलता तो उचलून जिन्यात नेला होता. त्यांना वाटलं होतं, भाऊ हल्ली बेफिकीर झालाय.

"धाकट्याला पाठव इकडे," त्या म्हणाल्या.

"आत्या, नको ना."

"पाठव म्हणते ना."

६

भाऊ आला तो घाईत. बाहेर लोक खोळंबलेत, भागीदार बोलायला उभा राहतोय, असं काहीबाही सांगत आला. आत्याबाईंनी त्याच्यापुढे बर्गंडीचे दोन ग्लास ठेवले.

"एवढंच सांग आणि जा. यातला खराब कुठला?"

त्याने एक ग्लास उचलला, फिरवला, नाकाशी नेला आणि बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसरा उचलला, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. आत्याबाई उठल्या आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पाठीमागे हुंगल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

"डावा," तो शेवटी म्हणाला.

"दोन्ही खराबच आहेत रे. एकाच बाटलीतले."

त्या वळल्या तेव्हा तो खोक्यावर बसला होता. एवढा दांडगा माणूस, पण बसला होता शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. उन्हाळ्यात ताप आला तेव्हापासून वास गेला, तो आलाच नाही, त्याने सांगितलं. डॉक्टर म्हणतात येईल, कदाचित नाही येणार. लेकीला पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून वाइनची वर्णनं तीच लिहायची, आणि तो पाहुण्यांसमोर चाखायला उभा राहिला की ती त्यांच्या मागे उभी राहायची. ग्लास देठाला धरला की चांगली, वाटीला धरला की बिघडलेली. कुणाला कधी संशय आला नाही.

"आज सकाळी ती बाईंना आणायला गेली. दोन उघडून हुंगून ठेवल्या होत्या, मला म्हणाली, बाबा, मी आल्याशिवाय तिसरीला हात लावू नका. मला वाटलं, एकाच पेटीतल्या तर आहेत. मी उघडली, तिन्ही जगात ओतल्या, पुन्हा भरून ठेवल्या. आली तेव्हा तिला म्हटलं की झालं सगळं, तू दार सांभाळ."

"आणि बाईंनी ग्लास खाली ठेवला तेव्हा तुला सगळं कळलं."

"लगेच."

"तरी म्हणालास, लक्ष कुठे होतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ताई, नाक नसलेल्या माणसाकडून वाइन कोण घेईल? दुकान बुडालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मग परत घेता येईना."

"नाक नसलेल्या मुलीकडून घेतील का?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांना भावाचा राग आला होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी सहन होत नव्हतं. "तुला दिसत नव्हतं म्हणून तिने तुला हाताला धरून चालवलं रे. आणि ठेच लागली तेव्हा तू तिलाच ढकललंस."

बाहेर माईक खरखरला. भागीदाराचा आवाज आला, आज एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे म्हणून.

"मी कुणाला काही सांगणार नाही," आत्याबाई म्हणाल्या. "सांगायचं तर तू सांग."

त्या दार उघडून बाहेर गेल्या. भाऊ खोक्यावरून उठला नव्हता.

७

भागीदाराने आधी पाहुण्यांचे आभार मानले, मग आजच्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली, मग उद्यापासून चाखण्याचं काम 'अनुभवी हातांत' जाणार असल्याचं सांगितलं. जावई पहिल्या रांगेत कोटाची बटणं लावत होते. भाची शेवटच्या टेबलामागे ताठ उभी होती. आत्याबाईंनी मागच्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दोनदा बघितलं.

मग मालक आला. चालत माईकपर्यंत गेला, आणि भागीदाराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं.

"बाटल्या मी बिघडवल्या," तो म्हणाला. "तिसरी माझ्या हातची. तिने हुंगलीच नव्हती, मी तिला हुंगू दिली नाही. मला उन्हाळ्यापासून वास येत नाही. काहीच येत नाही. आणि हे सांगायचं सोडून मी माझ्या मुलीला तुमच्यासमोर बोललो."

बोक्याने पहिल्यांदा घोट बादलीत थुंकला. भागीदार पुढे येऊन कुजबुजला, की आता सगळंच संपलं. मालकाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

खरेदीवाल्या बाई उभ्या राहिल्या. "उन्हाळ्यानंतर मला जी वर्णनं आली, ती कुणाची?"

"तिची."

"शाब्लीचं पण?"

"सगळी."

बाई भाचीकडे वळल्या. "तुम्ही लिहिलं होतं, ही शाब्ली चांगली आहे, पण अजून कच्ची आहे, वर्षभर घेऊ नका. आयातदार स्वतःच स्वतःचा माल घेऊ नका म्हणतो, असं मी पहिल्यांदा वाचलं. तुमच्या वडिलांचा मला तेव्हापासून आदर वाटायला लागला." त्यांनी रिकामा ग्लास उचलला. "चुकीच्या माणसाचा वाटला म्हणायचा. आता नवी बाटली तुम्ही उघडा. मी थांबते."

भाचीने थंड कपाटातून बाटली आणली. आणताना ती बापाच्या अगदी जवळून गेली, पण थांबली नाही, आणि त्याने पुढे केलेला हात तिला दिसला नसावा, किंवा दिसला असावा. तिने बूच काढलं, हुंगलं, चाखलं, आणि बाईंचा ग्लास भरला. मग तिच्या टेबलाभोवती माणसं जमायला लागली, आणि जावयांनी कोटाची बटणं सोडली.

मालक येऊन भिंतीशी, बहिणीच्या शेजारी बसला. बराच वेळ तो लेकीकडे बघत होता.

"बोलेल ना ती माझ्याशी?"

आत्याबाईंनी त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. लहानपणी तो पडून आला की घ्यायच्या तसाच.

"आज नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "आज तिला काम आहे."